डॉ. सलीम युसूफ यांचे हृदयविकारविषयक संशोधन आणि त्याचा प्रभाव : एक आढावा

प्रस्तावना

हृदयाच्या अभ्यासाचा इतिहास म्हटला की आपल्याकडील लेखनात इब्न अल-नफीस यांचे नाव हमखास येते. हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त फुप्फुसांत जाते आणि तेथून डाव्या कप्प्यात येते, हे त्यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले. आधुनिक अभ्यासकांचे लक्ष मात्र या हस्तलिखिताकडे १९२४ साली वेधले गेले, तेही एका इजिप्शियन डॉक्टरने जर्मनीत सादर केलेल्या प्रबंधामुळे. या शोधाचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. पण त्यातून एक प्रश्नही उभा राहतो. संशोधन लिहिले जाणे ही एक बाब झाली. ते वाचले जाणे, त्यावरून इतरांनी पुढचे काम करणे आणि शेवटी रुग्णाच्या खाटेपर्यंत त्याचा परिणाम पोहोचणे ही अगदी निराळी बाब होय. संशोधनाचा प्रभाव म्हणतात तो या दुसऱ्या गोष्टीला.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने आपल्याच काळातील एका संशोधकाच्या प्रकाशित कार्याचा आढावा घेतला आहे. डॉ. सलीम युसूफ यांची गणना जगात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या वैद्यकीय संशोधकांत होते. केवळ उद्धृतांची संख्या सांगून हा विषय संपत नाही. त्यांच्या लेखनाने हृदयविकाराविषयी कोणता प्रश्न विचारावा आणि तो कोणाला विचारावा, या दोन्ही गोष्टी बदलल्या. त्या कशा बदलल्या, हे येथे कालक्रमाने पाहावयाचे आहे.

जडणघडण

डॉ. युसूफ यांचा जन्म १९५२ साली केरळमधील कोट्टारक्करा येथे झाला. वैद्यकीय शिक्षण बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात झाले. १९७६ साली ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले. तेथे हृदयरोगतज्ज्ञ पीटर स्लाइट, संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड पेटो आणि पुढे रोरी कॉलिन्स यांच्या सहवासात त्यांचे संशोधन आकारास आले. रुग्णाच्या खाटेशी उभा राहणारा डॉक्टर आणि आकडे तपासणारा संख्याशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसले, हे या ऑक्सफर्ड गटाचे वैशिष्ट्य होते. पुढील सर्व कामाचा पाया येथेच घातला गेला.

लहान फायदा आणि मोठी संख्या

त्या काळी हृदयविकारावरील बहुतेक औषधचाचण्या शंभर-दोनशे रुग्णांवर होत असत. एका चाचणीत औषध गुणकारी ठरे, दुसऱ्या चाचणीत निरुपयोगी. डॉक्टर आपापल्या अनुभवाप्रमाणे कोणत्या तरी एका बाजूस झुकत.

१९८४ साली युसूफ, कॉलिन्स आणि पेटो यांनी ‘स्टॅटिस्टिक्स इन मेडिसिन’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या आणि साध्या यादृच्छिक चाचण्यांची आपल्याला गरज का आहे, असा त्याचा विषय होता. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा : सर्वत्र आढळणाऱ्या गंभीर आजारावर एखादे औषध चमत्कार घडवील, ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. वास्तवात मिळणारा फायदा मध्यम स्वरूपाचा असतो. परंतु आजार लाखोंना होणारा असेल, तर मध्यम फायद्यानेही हजारो जीव वाचतात. असा फायदा खरा आहे की योगायोग आहे, हे ठरविण्यासाठी दोन गोष्टी लागतात. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे कोणाच्याही मर्जीविना झाली पाहिजे, आणि रुग्णांची संख्या फार मोठी असली पाहिजे. संख्या मोठी हवी असेल तर कामकाज साधे हवे. प्रत्येक रुग्णामागे चाळीस पानांचा तक्ता भरावा लागला, तर गजबजलेल्या रुग्णालयातील डॉक्टर त्या चाचणीत भाग घेणार नाही.

हा युक्तिवाद कागदावर राहिला नाही. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या इसिस-१ या चाचणीत १६,०२७ रुग्ण होते. हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेल्या निम्म्या रुग्णांना ॲटेनोलॉल हे बीटा-ब्लॉकर औषध देण्यात आले. पहिल्या आठवड्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण औषध घेणाऱ्या गटात ३.८९ टक्के, तर दुसऱ्या गटात ४.५७ टक्के आढळले. म्हणजे दर हजार रुग्णांमागे सुमारे सात जीव.

हाच हिशेब चारशे रुग्णांवर करून पाहावा. दोनशेच्या एका गटात सुमारे नऊ मृत्यू होतील, दुसऱ्यात सुमारे आठ. एका मृत्यूच्या फरकावरून कोणताही प्रामाणिक माणूस निष्कर्ष काढणार नाही. सोळा हजार रुग्णांमुळे दिसले ते चारशे रुग्णांत दिसणे अशक्य होते. आपल्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांना नमुन्याचा आकार समजावून सांगण्यासाठी याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

विखुरलेल्या निष्कर्षांची बेरीज

या विचाराचा दुसरा भाग असा की, नवी चाचणी करण्यापूर्वी आधीच झालेल्या सर्व चाचण्या एकत्र मांडून पाहाव्यात. या पद्धतीस मेटा-ॲनालिसिस म्हणतात. बीटा-ब्लॉकर औषधांवरील चाचण्यांचा युसूफ आणि सहकाऱ्यांनी घेतलेला आढावा १९८५ साली प्रसिद्ध झाला. हृदयविकारशास्त्रातील सर्वाधिक उद्धृत लेखांत त्याची गणना होते. त्यात वापरलेली गणनापद्धती आजही संख्याशास्त्राच्या पुस्तकांत पेटो यांच्या नावाने आणि काही ठिकाणी युसूफ-पेटो या जोडनावाने शिकविली जाते.

त्याच वर्षी त्यांनी रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या औषधांवरील ३३ चाचण्या एकत्र मांडल्या. सुटी सुटी पाहता यांतील बहुतेक चाचण्या अनिर्णित होत्या. सुमारे पाव शतक हा वाद चालला होता. बेरीज केल्यावर मात्र औषधाचा फायदा दिसू लागला. त्याची खात्री पुढे १९८८ मध्ये ऑक्सफर्ड गटाच्याच इसिस-२ या चाचणीने झाली. १७,१८७ रुग्णांच्या या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण ८.० टक्के होते, तर दोन्हींपैकी काहीच न मिळालेल्यांत ते १३.२ टक्के होते. झटका येताच ॲस्पिरिन देण्याची जी पद्धत आज तालुक्याच्या दवाखान्यातही पाळली जाते, तिच्यामागे हा पुरावा आहे.

प्रस्थापित औषधांची परीक्षा

१९८४ साली युसूफ अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले आणि १९९२ मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात दाखल झाले. या काळातील तीन चाचण्यांचा उल्लेख आवश्यक आहे.

पहिली १९९१ ची सॉल्व्ड. हृदयाची पंप करण्याची शक्ती कमी झालेल्या २,५६९ रुग्णांवर ती झाली. एनालाप्रिल या औषधाने मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी घटला. दुसरी १९९७ ची डिजिटॅलिसवरील चाचणी. इंग्रज वैद्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली या वनस्पतीच्या गुणांचे वर्णन केले होते. तेव्हापासून दोनशे वर्षे डॉक्टर तिचा वापर करीत आले, परंतु तिने आयुष्य वाढते का, याचे खात्रीचे उत्तर कोणाजवळ नव्हते. ६,८०० रुग्णांच्या चाचणीतून उत्तर मिळाले : या औषधाने रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण कमी होते, मृत्यूचे नाही. तिसरी २००० सालची होप चाचणी. ९,२९७ रुग्णांच्या या चाचणीत रामिप्रिल घेणाऱ्यांपैकी १४.० टक्के जणांना झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. औषधाविना हे प्रमाण १७.८ टक्के होते. याच चाचणीत ई जीवनसत्त्वाचीही परीक्षा झाली आणि त्याचा हृदयाला काहीच उपयोग होत नसल्याचे दिसले. त्या काळी ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची मोठी चलती होती, हे वाचकांना आठवत असेल.

औषध गुणकारी असल्याचे सिद्ध करणे आणि नसल्याचे सिद्ध करणे, या दोन्ही गोष्टींना सारखेच महत्त्व देणे ही या कामाची शिस्त होती.

बावन्न देशांना विचारलेला प्रश्न

हृदयविकाराच्या कारणांविषयीचे आपले ज्ञान दीर्घकाळ पाश्चात्त्य समाजांच्या पाहणीवर उभे होते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांचा अभ्यास सुरू झाला. उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान हे धोके त्यातून पुढे आले. परंतु तेथील निष्कर्ष बंगळूर, नागपूर किंवा हैदराबादच्या माणसाला लागू पडतात का? भारतीयांना हृदयविकार लवकर होतो, तो आपल्या रक्तातच आहे, असे डॉक्टरही बोलत असत.

हा प्रश्न तपासण्याची सुरुवात लहान होती. १९९६ मध्ये बंगळूरचे डॉ. प्रेम पैस, युसूफ आणि सहकाऱ्यांनी २०० रुग्ण आणि २०० निरोगी व्यक्तींची तुलना ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर २००४ साली इंटरहार्ट हा अभ्यास आला. त्यात ५२ देशांतील पहिलाच झटका आलेले १५,१५२ रुग्ण आणि तुलनेसाठी घेतलेल्या १४,८२० व्यक्ती होत्या. त्यातून नऊ घटक पुढे आले : धूम्रपान, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची सवय असणे वा नसणे. झटक्याच्या एकूण धोक्यापैकी पुरुषांत ९० टक्के आणि स्त्रियांत ९४ टक्के धोका या नऊ घटकांशी जोडलेला आढळला. सोप्या भाषेत सांगायचे तर, हे घटक प्रतिकूल नसते तर पहिल्या झटक्यांपैकी बहुसंख्य टळू शकले असते. आणि हे चित्र जगाच्या सर्व भागांत जवळजवळ सारखेच होते.

या अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांचे स्वतंत्र विश्लेषण २००७ साली अमेरिकेच्या ‘जामा’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याचे प्रथम लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी होते. दक्षिण आशियाई रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३.० व्या वर्षी आला होता, इतर देशांतील रुग्णांना ५८.८ व्या वर्षी. चाळिशीच्या आत झटका आलेल्यांचे प्रमाण आपल्याकडे ८.९ टक्के, इतरत्र ४.४ टक्के होते. म्हणजे ‘लवकर होतो’ हे खरे ठरले. परंतु धोक्याचे घटक लक्षात घेऊन हिशेब केल्यावर वयातील हा फरक जवळपास नाहीसा झाला. निरोगी गटातही पुरेसा व्यायाम करणारे आपल्याकडे ६.१ टक्के होते, इतरत्र २१.६ टक्के. रोज फळे-भाज्या खाणारे आपल्याकडे २६.५ टक्के, तर इतरत्र ४५.२ टक्के. तेव्हा हा आजार रक्तात लिहिलेला नसून राहणीमानात वाढतो, असा त्याचा सरळ अर्थ होतो. नशिबाला दोष देऊन हात झटकण्याची सोय या निष्कर्षाने उरली नाही.

आजार सारखा, मृत्यू वेगळा

डॉ. युसूफ यांच्या कार्याचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग यापुढचा आहे. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये क्रिएट या नावाने भारतातील एक नोंदणी-अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे प्रथम लेखक बंगळूरचे डॉ. डेनिस झेव्हियर होते, तर युसूफ सहलेखकांपैकी एक. ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत दाखल झालेल्या २०,४६८ हृदयविकार रुग्णांची माहिती त्यात आहे. तीस दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के होते, तर गरीब रुग्णांत ८.२ टक्के. संशोधकांनी या फरकाचे कारण शोधले. वय, आजाराची तीव्रता, इतर व्याधी यांचा हिशेब केला, तरी फरक राहिला. मिळालेल्या उपचारांचा हिशेब केला, तेव्हा फरक नाहीसा झाला. गरीब रुग्ण अधिक दगावले, कारण त्यांना सिद्ध झालेले उपचार कमी मिळाले. संख्याशास्त्राच्या कोरड्या भाषेतील हे वाक्य कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलते.

पुढे हाच प्रश्न प्युअर या अभ्यासाने अनेक देशांत नेला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात १७ देशांतील १,५३,९९६ व्यक्तींची माहिती आहे. ज्यांना पूर्वी हृदयविकार किंवा पक्षाघात झाला आहे, त्यांनी ॲस्पिरिन, रक्तदाबाची व मेद कमी करणारी औषधे नियमित घ्यावीत, हे तोवर सर्वमान्य झाले होते. यांपैकी बरीच औषधे स्वस्त आहेत. तरीही कमी उत्पन्नाच्या देशांत, ज्यांत भारताचा समावेश होता, अशा ८०.२ टक्के रुग्णांना यांपैकी एकही औषध मिळत नव्हते. श्रीमंत देशांत हे प्रमाण ११.२ टक्के होते. २०१४ च्या अहवालात आणखी एक विसंगती पुढे आली. धोक्याच्या घटकांचा भार सर्वाधिक श्रीमंत देशांत होता, परंतु झटका वा तत्सम घटना घडल्यावर दगावणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांत ६.५ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५.९ टक्के आणि गरीब देशांत १७.३ टक्के होते.

औषध शोधणाऱ्या चाचण्यांतून निघालेले हे संशोधन अशा रीतीने औषध पोहोचत का नाही, या प्रश्नाशी येऊन थांबले. त्यातूनच अनेक औषधे एका गोळीत घालण्याच्या कल्पनेवर काम झाले. २००९ साली भारतातील ५० केंद्रांवर २,०५३ व्यक्तींवर अशा गोळीची पहिली परीक्षा झाली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या टिप्स-३ चाचणीत ५,७१३ व्यक्ती होत्या आणि त्यांतील जवळपास निम्म्या भारतातील होत्या. ही गोळी आणि ॲस्पिरिन दोन्ही घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटना ४.१ टक्के, तर दोन्ही न घेणाऱ्यांत ५.८ टक्के आढळल्या. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा संयुक्त गोळ्यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

आक्षेप आणि मतभेद

प्रभाव मोठा असला म्हणजे मतभेद होतातच, आणि त्यांची नोंद घेतल्याशिवाय आढावा पूर्ण होत नाही. युसूफ यांच्या अनेक चाचण्यांना औषध कंपन्यांचे अर्थसाहाय्य होते. त्याविषयी टीका झाली आहे. २०१४ मध्ये प्युअरच्या आधारे मीठ फार कमी खाणेही अपायकारक असू शकते, असे सुचविण्यात आले. लघवीच्या एकाच नमुन्यावरून दिवसभराच्या मिठाचा अंदाज बांधणे योग्य नाही, असा त्यावर अनेक तज्ज्ञांचा आक्षेप होता. २०१७ मध्ये आहारातील मेदापेक्षा पिष्टमय पदार्थांचा अतिरेक अधिक घातक असल्याचा निष्कर्ष आला, तेव्हाही वाद झाला. गरीब माणूस भात-भाकरीवर भागवतो, तेव्हा मृत्यूचे कारण भात आहे की गरिबी, हे केवळ निरीक्षणातून कसे ठरवायचे, असा तो प्रश्न होता.

मद्यपानाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. इंटरहार्टच्या एकत्रित आकडेवारीत नियमित अल्प मद्यपान करणाऱ्यांत धोका किंचित कमी दिसला होता. दक्षिण आशियाई गटात मात्र तसा लाभ दिसला नाही. २०२२ साली वर्ल्ड हार्ट फेडरेशनने मद्याचे कोणतेही प्रमाण हृदयास हितकारक नसल्याचे स्पष्ट केले. २०१५-१६ या काळात या संघटनेचे अध्यक्षपद युसूफ यांच्याकडेच होते. चिठ्ठ्या टाकून विभागणी केल्याशिवाय मध्यम स्वरूपाच्या फरकावर विश्वास ठेवू नये, हे १९८४ मध्ये त्यांनीच बजावले होते. त्यांच्या टीकाकारांनी त्यांचीच कसोटी त्यांना लावली. एखाद्या विचाराचा प्रभाव किती खोल गेला आहे, याची ही एक खूणच मानावी लागेल.

समारोप

डॉ. युसूफ यांना २०१४ साली कॅनडाचा गेर्डनर वाइटमन पुरस्कार मिळाला. परंतु पुरस्कारांपेक्षा वरील आढाव्यातून दिसणाऱ्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट संशोधनाच्या मोजमापाविषयी. प्राध्यापकांचे काम शोधनिबंधांच्या संख्येने मोजले जाण्याचा काळ आपण सर्वांनी पाहिला आहे. पन्नास विद्यार्थ्यांची प्रश्नावली भरून घ्यावयाची आणि मोठा निष्कर्ष काढावयाचा, असे लेखन त्यातून वाढले. त्याऐवजी पाच-दहा महाविद्यालयांनी मिळून एकच साधा प्रश्न घ्यावा, एकच तक्ता वापरावा आणि माहिती एकत्र करावी. हे काम खर्चिक नाही. त्यासाठी आपले नाव लेखकांच्या यादीत विसाव्या क्रमांकावर येण्याची तयारी मात्र लागते. बंगळूर आणि नागपूरचे संशोधक जागतिक अभ्यासांचे प्रथम लेखक झाले, ते अशाच एकत्रित कामातून.

दुसरी गोष्ट वर्गाबाहेरची आहे. क्रिएट अभ्यासात लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत लागलेल्या वेळेचा मध्यांक ३६० मिनिटे होता, म्हणजे सहा तास. रुग्णालयात आल्यावर गुठळी विरघळविणारे औषध मिळण्यास सुमारे ५० मिनिटे लागली. वेळ जातो तो घरात आणि रस्त्यात. छातीत दुखते आहे, वायू असेल, सकाळपर्यंत बघू, असे म्हणण्यात तो जातो. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी पन्नाशीतले वडील आहेत, चुलते आहेत, आई आहे. छातीत दाबल्यासारखे दुखू लागले, डाव्या हातात कळ आली, घाम फुटला, तर घरगुती उपाय करीत न बसता थेट रुग्णालय गाठावे, एवढे जरी प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाला वर्षातून एकदा सांगितले, तरी चाळीस वर्षांच्या या संशोधनाचा काही अंश आपल्या वस्तीपर्यंत पोहोचेल.